ट्रान्सफॉर्मरचे आकडे खात्रीचे नसताना ओव्हरलोड सेटिंग कुठे ठेवायची?

मच्छे_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. फौंड्रीतला ५०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, ओएनएएन (पंखा-पंपाशिवाय, तेल आणि हवेने आपोआप थंड होणारा) ट्रान्सफॉर्मर आहे. नेमप्लेटवर केव्हीए, व्होल्टेज आणि इम्पिडन्स वाचता येतं, टेंपरेचर राइजचा रकाना गंजून गेलाय. टेस्ट रिपोर्ट मिळत नाही. एकदा रिवाइंड झालाय, आत तांबं की ॲल्युमिनियम तेही कागदावर नाही. डब्ल्यूटीआय (वाइंडिंगचं तापमान दाखवणारा मीटर) नाही. ओटीआय (तेलाचं तापमान दाखवणारा मीटर) आहे, पण काटा फार उशिरा हलतो.

लोड म्हणजे ६ पल्सची इंडक्शन फर्नेस, सँड प्लांट आणि कॉम्प्रेसर. मेल्टला ५० मिनिटं ७६७ अँपिअर, ओतकामात २० मिनिटं २०० अँपिअर, परत मेल्ट. फुल लोड करंट ६६७. एलटी (४३३ व्होल्टच्या) साइडला ८०० / १ चे ५पी१० सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) आणि न्यूमेरिकल रिले आहे, त्यात थर्मल एलिमेंट (करंटवरून ताप मोजून ट्रिप करणारा भाग) अजून बंद ठेवलंय. कुणी ८० टक्क्यांवर ठेवा म्हणतं, कुणी १२० वर. दोन्हीमागचा हिशोब कुणी सांगत नाही. आकडे असे अर्धवट असताना सेटिंग कशी काढायची?

जुना_टेस्टिंगवाला
आधी तुमच्या लोडची सरासरी बाजूला ठेवा. मीटर ७० मिनिटांची सरासरी ६०५ अँपिअर दाखवणार, म्हणजे ९१ टक्के, आणि सगळं ठीक वाटणार. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.१५ चा वर्ग १.३२ गुणिले ५०, अधिक ०.३ चा वर्ग ०.०९ गुणिले २०, भागिले ७०, त्याचं वर्गमूळ: ०.९८५. तेलाच्या दृष्टीने तुमचा ट्रान्सफॉर्मर जवळजवळ पूर्ण लोडवर आहे. वाइंडिंगला तर ही सरासरीही लागू नाही, कारण वाइंडिंगचा टाइम कॉन्स्टंट (अंतिम वाढीच्या ६३ टक्के गाठायला लागणारा वेळ) ४ मिनिटांचा आणि तेलाचा १८० मिनिटांचा धरतात. ५० मिनिटांच्या मेल्टमध्ये वाइंडिंग पूर्ण १.१५ ला पोहोचतं.

आता हॉटस्पॉट. त्यात तीन गोष्टींची बेरीज असते: भोवतालचं तापमान, वरच्या तेलाची वाढ, आणि तेलापासून वाइंडिंगच्या सर्वांत तापलेल्या जागेपर्यंतचा फरक. जुन्या ५०/५५ (तेलाची वाढ ५०, वाइंडिंगची सरासरी वाढ ५५ अंश) डिझाइनला पूर्ण लोडवर तेलाची वाढ ५० आणि हा फरक सुमारे २० धरू. डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६००७६-७ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये तेलाला ०.८ आणि वाइंडिंगला १.६ हे घात दिलेत. लोड लॉस भागिले नो-लोड लॉस हे गुणोत्तर ५ धरलं आणि शेडमध्ये ३८ अंश असतील, तर तेल ४९, फरक २५, एकूण ११२.

साध्या कागदाच्या इन्सुलेशनचं नेहमीचं आयुष्य ९८ अंशांवर मोजतात आणि पुढे दर ६ अंशांना झीज दुप्पट होते. ११२ ला झीज पाचपट होते. नेहमीच्या फिरत्या लोडसाठी हॉटस्पॉटची वरची मर्यादा १२० आहे.

कर्व्ह_आणि_क्लॅम्प
११२ सुद्धा कमीच धरलंय, हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सीचे जास्तीचे करंट) आलेच नाहीत. ६ पल्सच्या फर्नेसला पाचवा १८ टक्के, सातवा ११, अकरावा ६, तेरावा ४ असे धरून बघा. एडी लॉस (तारेच्या आत भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या करंटचा लॉस) हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो, म्हणून प्रत्येकाचा वर्ग घेऊन बेरीज केली आणि एकूण करंटच्या वर्गाने भागलं तर साधारण ३ येतं. एडी लॉस वाइंडिंगच्या साध्या रेझिस्टन्स लॉसच्या १० टक्के धरला तर तेवढ्याच आरएमएस करंटला लोड लॉस १८ टक्के जास्त पडतो. तो घालून टेस्टिंगवाल्यांचाच हिशोब परत करा: तेल ५५, फरक २८, एकूण १२१.

म्हणजे सेटिंगचा प्रश्न नंतरचा. ७६७ अँपिअर हा लोडच या ट्रान्सफॉर्मरला जड आहे. तोच हिशोब ६६७ ला केला तर १०६ ते १०७ येतात, ६१३ ला (फुल लोडच्या ९२ टक्के) ९९.

आणि क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीचाही खरा करंट मोजणारा) आहे का ते आधी बघा. साधा क्लॅम्प फर्नेसच्या करंटवर कमी दाखवतो. तेच आकडे वापरून बसाल तर पुढची सगळी गणितं वाया.

निपाणीकर
सगळं 'धरू' वर चाललंय की! ५० धरलं, २० धरलं, ५ धरलं, १० टक्के धरलं. यातलं एखादं चुकलं तर?

जुना_टेस्टिंगवाला
निपाणीकर, म्हणूनच प्रत्येक आकडा हलवून बघायचा आणि उत्तर किती हलतं ते पाहायचं. ८० टक्के लोड आणि ४० अंश भोवताल घेऊन करून दाखवतो. मूळ उत्तर ९१ ते ९२ येतं.

लॉसचं गुणोत्तर ५ ऐवजी ३ घेतलं तर सव्वा अंश वाढतो, ८ घेतलं तर एक अंश कमी होतो. टेस्ट रिपोर्ट नाही म्हणून लोक सगळ्यात जास्त याच आकड्याच्या मागे लागतात, आणि त्याने जवळपास काहीच बदलत नाही. सोडून द्या.

करंट ५ टक्के चुकला तर या लोडवर साडेतीन अंश, पूर्ण लोडवर ५ अंश. ५पी१० सीटीची रेटेड करंटला चूक १ टक्का असते, त्यामुळे सीटी सुस्थितीत असेल तर ही बाजू भक्कम आहे. तेल ते वाइंडिंग फरक २० ऐवजी १५ किंवा २५ निघाला तर साडेतीन अंश इकडे किंवा तिकडे. भोवतालचं तापमान १० अंश चुकलं तर सरळ १० अंश. बेळगाव शहराच्या हवामानाचा आकडा वापराल आणि ट्रान्सफॉर्मर फर्नेसच्या भिंतीला लागून बंद खोलीत असेल, तर १० अंशांची चूक सहज होते.

ज्याने उत्तर सर्वांत जास्त हलतं ते आधी मोजायचं. थर्मामीटर रेडिएटरपासून मीटरभर लांब, रेडिएटरच्या मध्याच्या उंचीवर, आणि बल्ब तेल भरलेल्या छोट्या बाटलीत. वाऱ्याच्या झुळकीने रीडिंग नाचत नाही. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे १००० मीटरच्या वरचं उंचीचं डिरेटिंग इथे लागत नाही. तो विषय मिटला.

चिकोडी_इन्स्ट्रुमेंट
ओटीआयचा काटा उशिरा हलतो यात माझा पहिला संशय पॉकेटवर (टाकीवर बल्ब बसतो ती नळी). पॉकेट कोरडं असेल तर बल्बभोवती हवा राहते आणि रीडिंग मागे पडतं, कमीही दाखवतं. बल्ब काढा, पॉकेट स्वच्छ करा, ट्रान्सफॉर्मर ऑइल भरा, बल्ब तळापर्यंत बसवा, ग्लँड आवळा. कॅपिलरी (बल्ब ते डायल जाणारी बारीक नळी) कुठे चेपली किंवा कडक वळली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता बदलाच. मग बल्ब गरम तेलाच्या भांड्यात, शेजारी कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर, आणि ५०, ७०, ९० अंशांना दोन्ही रीडिंग लिहा. चढताना आणि उतरताना, दोन्हीकडून. अलार्म आणि ट्रिपचे कॉन्टॅक्ट प्रत्यक्ष कुठे मिटतात तेही त्याच भांड्यात मल्टिमीटरने तपासा. डायलवरची खूण आणि कॉन्टॅक्ट यांत ३-४ अंशांचा फरक बऱ्याच वेळा सापडतो.

पीटी१०० (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) लावणार असाल तर दोन तारांवर लावू नका. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२ ओहम. पॅनेल ५० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर, म्हणजे १.२ ओहम. पीटी१०० अंशाला ०.३८५ ओहमने वाढतो, म्हणून ३ अंश फुकटचे जास्त दिसतात. तिसरी तार ओढली की ही चूक जाते.

आयआर गनवर (लांबून तापमान मोजणारी बंदूक) भरवसा ठेवताना पृष्ठभाग बघा. रंगवलेल्या टाकीवर रीडिंग बरं येतं, पण टाकीचा पत्रा आतल्या तेलापेक्षा काही अंश थंडच असतो. उघड्या बसबारवर तर गन फार कमी दाखवते, कारण चकचकीत तांबं उष्णता कमी फेकतं. सप्लाय बंद असताना तिथे काळी टेप चिकटवून ठेवा आणि नंतर टेपवरच नेम धरा.

मच्छे_मेंटेनन्स
पॉकेट खरंच कोरडं निघालं, तेल भरलं. आता मार्जिन विचारतो. भोवताल मोजल्यावर ५ अंशांची शंका, फरकाची ४, करंटची ३, लॉस गुणोत्तराची १. सगळं मिळवून १३ अंश राखून ठेवायचे का?

जुना_टेस्टिंगवाला
सगळ्या चुका एकाच वेळी एकाच दिशेने होतील असं धरलं तर १३. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुकांसाठी वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या: २५ + १६ + ९ + १ = ५१, म्हणजे ७ अंश. १३ आणि ७ यांतला फरक झिजेच्या हिशोबात दुप्पट आहे, आणि उत्पादनाच्या हिशोबात तर फारच महाग.

अथणी_टीसी
थांबा, इथे एक खोच आहे. संबंध नसलेल्या चुका हे फौंड्रीत चालेल, शेतीच्या टीसीवर (गावातला पंपांचा ट्रान्सफॉर्मर) चालणार नाही. आमच्याकडे अथणी-रायबागच्या बाजूला ऊन वाढलं की ऊसाला पाणीही जास्त लागतं. भोवताल आणि लोड एकाच कारणाने, एकाच दिवशी चढतात. तिथे हे दोन आकडे सरळ मिळवायचे, ५ + ३ = ८, आणि मग बाकीच्यांशी वर्गमूळ: ६४ + १६ + १ = ८१, म्हणजे ९ अंश.

शिवाय टीसीवर लोडच माहीत नसतो. आयपी सेटला (शेतीच्या पंपाला) बहुतेक ठिकाणी मीटर नाही, मंजूर एचपी एक आणि विहिरीवरची मोटर दुसरीच. ६३ केव्हीएचा फुल लोड ८४ अँपिअर. साडेसात एचपीचे दहा पंप कागदावर ७५ एचपी. एफिशियन्सी ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ८२ केव्हीए होतात. घरगुती लाइनवर सगळे एकदम चालत नाहीत म्हणून निभावतं. इथे थ्री फेज ठरलेल्या तासांनाच येतं आणि ऑटो स्टार्टर सगळ्या मोटरी एकाच क्षणी उचलतात. त्यामुळे सगळे चालू आहेत असं धरूनच टीसी मोजायचा.

मोजमाप थ्री फेज आल्यावर लगेच घेऊ नका. सगळे पंप चालू होऊन तास झाल्यावर तिन्ही फेज आणि न्यूट्रल क्लॅम्पने मोजा. तेलाचं तापमान बघायचं असेल तर अजून थांबा: १८० मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटला पहिल्या तासात अंतिम वाढीच्या फक्त २८ टक्के वाढ होते, ३ तासांत ६३, ६ तासांत ८६. तासाभराने टाकीला हात लावून 'थंड आहे' म्हणण्यात अर्थ नाही. ऑटो स्टार्टरना वेगवेगळा उशीर द्या, एकाला ३० सेकंद, पुढच्याला ६०, असं. त्याने सुरुवातीचा धक्का आणि व्होल्टेजची घसरण कमी होते. तेलाचा ताप मात्र त्याने कमी होत नाही, त्यासाठी पंप दोन पाळ्यांत चालवणं हाच उपाय.

खानापूर_लाइन
अथणीचे अण्णा, फ्यूजचंही लिहा की. लोकांना वाटतं फ्यूज आहे म्हणजे ओव्हरलोडची काळजी मिटली.

अथणी_टीसी
बरोबर. १०० अँपिअरची जीजी एचआरसी (कारखान्यात बनलेली बंद नळीची) फ्यूज सव्वापट, म्हणजे १२५ अँपिअर, दोन तास न वितळता सोसते, आणि १.६ पट, म्हणजे १६० ला दोन तासांच्या आत वितळते. ६३ केव्हीएला १२५ अँपिअर म्हणजे दीडपट लोड. फ्यूज गप्प बसून राहते आणि वाइंडिंग भाजतं. किटकॅटमध्ये (चिनी मातीच्या फ्यूज होल्डरमध्ये) तार बांधलेली असेल तर ती कधी वितळेल त्याचा अंदाजच नाही, आणि ॲल्युमिनियमच्या कंडक्टरचा धागा घातला असेल तर तिला फ्यूज म्हणूच नका. फ्यूज शॉर्ट सर्किटसाठी. ओव्हरलोडसाठी टीसीच्या एलटी बॉक्समध्ये थर्मल सेटिंगचा एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) लागतो, ८४ च्या आसपास लावता येईल असा.

अजून एक. ११ केव्हीची एक एचजी (हॉर्न गॅप) फ्यूज उडाली तर डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे मोटरच्या तीन फेजमध्ये करंट सारखा राहत नाही: दोन फेजमध्ये एकपट आणि तिसऱ्यात दुप्पट. स्टार्टरच्या रिलेत दोनच एलिमेंट असतील आणि दुप्पट करंट नेमका तिसऱ्या फेजला आला तर रिलेला पत्ताच लागत नाही. तीन एलिमेंटचा, फेज फेल्युअर ओळखणारा रिले घ्या.

निपाणीकर
मोटरचं निघालंच आहे तर विचारतो. ५० एचपीच्या स्टार-डेल्टा पंपाला ओव्हरलोड नेमप्लेटवरच्या ६६ अँपिअरवर ठेवलाय, तरी मोटर जळते.

कर्व्ह_आणि_क्लॅम्प
रिले कुठे बसवलाय ते बघा. मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असेल तर डेल्टामध्ये त्याच्यातून लाइन करंटच्या ०.५८ पटच जातो. सेटिंग ३८ पाहिजे. ६६ ला ठेवलेला रिले मोटर ११४ अँपिअर ओढेपर्यंत हलणारच नाही.

सेटिंग बरोबर असूनही जळत असेल तर करंट सोडून थंडाव्याकडे बघा. ओव्हरलोड रिलेला फक्त करंट दिसतो. पंख्याचं झाकण तंबाखूच्या धुळीने भरलं, किंवा बोअरची मोटर गाळात बसली, तर करंट तोच आणि वाइंडिंग २०-३० अंश जास्त. बोअर कोरडा पडला तर करंट उलट कमी होतो; तिथे अंडरकरंटवर बंद करणारा ड्राय रन रिले लागतो. मोठ्या मोटरीत रिवाइंडिंगच्या वेळीच प्रत्येक फेजच्या गुंडाळीत एक असे तीन पीटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रेझिस्टन्स एकदम वाढणारे सेन्सर) सीरिजमध्ये घालून घ्या. खर्च थोडा आणि धरलेल्या सगळ्या आकड्यांतून सुटका. पीटीसीवर मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) मात्र कधीच लावू नका, अडीच व्होल्टच्या आतल्या मीटरनेच तपासा.

रिवाइंड केलेल्या मोटरला जुन्या नेमप्लेटचा करंट प्रमाण मानू नका. रिकामी असताना तिन्ही फेजचा करंट घ्या. नो-लोड करंट वाढलेला दिसला तर टर्न्स कमी पडलेत किंवा कोअर भाजलाय.

मच्छे_मेंटेनन्स
परत ट्रान्सफॉर्मरकडे येतो. आत तांबं की ॲल्युमिनियम हे न उघडता कळेल का? वाइंडिंगचं तापमान रेझिस्टन्सवरून काढायचं म्हटलं तर तो आकडा लागतो.

जुना_टेस्टिंगवाला
लागतो, पण अडत नाही. गरम रेझिस्टन्स भागिले थंड रेझिस्टन्स, गुणिले २३५ अधिक थंड तापमान, वजा २३५. ॲल्युमिनियमला २३५ च्या जागी २२५. थंड असताना ३० अंश आणि रेझिस्टन्स सव्वापट झाला, तर तांब्याने ९६ येतं, ॲल्युमिनियमने ९४. दोन-अडीच अंशांचा फरक. तांबं धरा, चूक झालीच तर ती सावध बाजूला पडेल.

एचव्ही (११ केव्हीचं) वाइंडिंग घ्या, रेझिस्टन्स मोठा असल्याने मोजायला सोपं. मेल्टच्या शेवटी सप्लाय बंद करून, दोन्ही बाजू आयसोलेट आणि डिस्चार्ज करून, दोन मिनिटांच्या आत पहिलं रीडिंग, मग दर मिनिटाला, १५ मिनिटांपर्यंत. ग्राफवर रेघ मागे ओढून बंद केल्याच्या क्षणाचा रेझिस्टन्स काढा. हे काम परमिट आणि अर्थिंगशिवाय कुणी करू नये, दोन मिनिटांच्या घाईत तर मुळीच नाही. अर्थिंगला वेळ लागून तीन मिनिटं झाली तरी चालतील, रेघ थोडी जास्त मागे ओढा. येतं ते सरासरी तापमान. हॉटस्पॉट त्याहून वर असतो.

त्याआधी सोपं काम: लोड ६१३ वर आणून ८-१० तास एकसारखी सायकल चालवा आणि दुरुस्त ओटीआय बघा. हिशोबाने तेल ३८ अधिक ४१, म्हणजे ७९ यायला हवं. ८६ आलं तर तेलाची खरी वाढ हिशोबापेक्षा ७ जास्त. ती हार्मोनिक्समुळे, रेडिएटर चोंदल्यामुळे की रिवाइंडिंगमुळे, हे वेगळं शोधावं लागत नाही. एका रीडिंगमध्ये तिन्ही शंका एकत्र मोजल्या जातात. मग वाढीचा आकडा त्याप्रमाणे बदला आणि हॉटस्पॉट परत काढा.

कर्व्ह_आणि_क्लॅम्प
आता रिलेची सेटिंग देतो, ताडून बघा. थर्मल एलिमेंटचा बेस (ज्या सततच्या करंटला पातळी शेवटी १०० टक्के होते तो) ६४० अँपिअर, टाइम कॉन्स्टंट १२० मिनिटं, अलार्म ८५ टक्के, ट्रिप १०० टक्के. टाइम कॉन्स्टंट १८० ऐवजी १२० घेतला कारण खरा माहीत नाही, आणि कमी ठेवला तर रिले लवकर तापतो.

तुमच्या ५०-२० मिनिटांच्या सायकलला तीन करंट लावून बघितले. मेल्ट ६१३ ला असेल तर रिलेची थर्मल पातळी मेल्टच्या शेवटी ७३ टक्क्यांवर स्थिरावते, अलार्मही नाही. ६६७ ला ८६, म्हणजे अलार्म वाजतो, भट्टी चालू राहते. ७६७ ला थंडपणापासून चौथ्या मेल्टच्या शेवटी ट्रिप. रिलेमध्ये सप्लाय गेल्यावर थर्मल मेमरी टिकते का ते मॅन्युअलमध्ये बघाच. टिकत नसेल तर प्रत्येक वेळी सप्लाय येताच रिले स्वतःला थंड समजतो आणि आतलं तेल ७५ अंशांवर असतं.

ओटीआय अलार्म ८५, ट्रिप ९५.

जुना_टेस्टिंगवाला
हिशोब पटला. ६१३ ला हॉटस्पॉट ९९ आणि शंका ७ ते ९ धरली तरी १०८, म्हणजे १२० च्या बरंच आत. म्हणून ट्रिप आणखी खाली ओढू नका. शंकेचं सगळं मार्जिन अलार्ममध्ये घाला, ट्रिपमध्ये नको. भट्टीत धातू असताना उगाच ट्रिप झालं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी ट्रिपची वायर काढून ठेवतो, आणि मग संरक्षणच उरत नाही. अलार्म वाजल्यावर काय करायचं ते पॅनेलवर लिहून लावा: आधी रेडिएटरसमोर सुटे पंखे, मग कॉम्प्रेसरचा एक सेट बंद, मग फर्नेसची पॉवर एक पायरी खाली.

खानापूर_लाइन
केबलचंही बघा. ट्रान्सफॉर्मर वाचवून केबल भाजायची. जमिनीतल्या केबलची रेटिंग ३० अंश जमीन आणि १५० अंश-सेंटीमीटर प्रति वॉट मातीवर दिलेली असते. आमच्याकडे पावसाळ्यात माती ओली, रेटिंगच्या वर नेली तरी चालते. काळी माती मार्चनंतर सुकून भेगाळते, केबलभोवती हवेच्या फटी पडतात आणि तीच केबल कमी करंटला तापते. केबलभोवती चाळलेली वाळू दाबून भरा, भेगा केबलपर्यंत येत नाहीत. उन्हाळ्यासाठी रेटिंग वेगळी धरा.

मच्छे_मेंटेनन्स
शेवटचा प्रश्न. ओटीआयच्या जोडीला पीटी१०० लावला आणि तोच खराब झाला तर?

चिकोडी_इन्स्ट्रुमेंट
तार तुटली तर रीडिंग एकदम कमाल दाखवतं, शॉर्ट झाली तर किमान. दुसरी चूक जास्त वाईट, कारण कंट्रोलर सगळं थंड समजतो. म्हणून कंट्रोलरमध्ये दोन मर्यादा घाला: १५० च्या वर किंवा ५ च्या खाली गेलं तर सेन्सर खराब. त्यावर ट्रिप ठेवू नका, वेगळा अलार्म ठेवा आणि त्याच सिग्नलने रिलेला दुसऱ्या सेटिंग ग्रुपवर न्या, बेस ६४० ऐवजी ५८०. सेन्सर बदलेपर्यंत भट्टी थोड्या कमी पॉवरवर चालू राहील. तारेच्या टोकांवर नंबरच्या फेरूल लावा आणि टर्मिनल दर सहा महिन्यांनी आवळा. फौंड्रीच्या हादऱ्याने आधी तीच सैल होतात, आणि सैल टर्मिनलचा एक ओहम म्हणजे अडीच अंश.